कडू वृंदावन, रानटी कडू भोपळा यांनी खरंच जंतू मरतात का?

मरतात, पण प्रयोगशाळेतल्या बशीत. कडू वृंदावनाच्या फळाच्या आणि बियांच्या अर्कानं स्टॅफिलोकॉकस ऑरियससारख्या जिवाणूंची वाढ रोखल्याचं प्रयोगांत दिसलंय. बशीत चाललं म्हणून पोटात चालेल असं मात्र नाही. भोपळा-काकडीच्या या कुळाचा कडूपणा येतो कुकरबिटासिन नावाच्या द्रव्यांमुळे, आणि विषारीही तीच. वृंदावनाचा गर पूर्वापार जुलाबासाठी वापरतात. मात्रा जरा चुकली की उलट्या, रक्ताचे जुलाब, रक्तदाब एकदम खाली. शिजवूनही हे विष जात नाही. दुधी, काकडीचाही एखादा तुकडा जिभेला कडूजहर लागला तर लगेच थुंकून टाका. ‘कडू म्हणजे औषधी’ म्हणत कृपा करून रस गिळू नका. प्यायलाच असाल आणि मळमळायला लागलं, तर थेट दवाखाना गाठा.