व्याज न घेणाऱ्या बँकेचा नफा कशावर ठरतो?

एम.कॉम.च्या प्रकल्पासाठी आपण विचारले आहे की, इस्लामी बँकेच्या नफ्याची कारणे आपल्या सांगलीतील सहकारी बँकेपेक्षा कितपत वेगळी असतात. माझी नोकरी कर्ज विभागात झाल्यामुळे मी त्या बाजूने उत्तर देतो.

मूळ कारणे बहुतांशी तीच आहेत: ठेवी किती स्वस्त मिळतात, वसुली कशी आहे आणि उत्पन्नाच्या मानाने खर्च किती होतो. फरक पडतो तो व्यवहाराच्या घडणीमुळे. समजा, मार्केट यार्डातील हळदीच्या व्यापाऱ्याला मालवाहू गाडी घ्यायची आहे. आपली बँक १० लाखांचे कर्ज देऊन आर.सी. बुकावर बोजा चढवते आणि शिल्लक रकमेवर व्याज लावते. मुराबहा पद्धतीत इस्लामी बँक गाडी स्वतः खरेदी करते आणि त्याच व्यापाऱ्याला, समजा, १२ लाखांना हप्त्यांनी विकते. ही किंमत पुढे वाढवता येत नाही, आणि उशिराबद्दल दंड घेतलाच तर तो सामान्यतः दानधर्माकडे वळवावा लागतो. साहजिकच थकबाकी लांबली की तिची झळ उत्पन्नाला अधिक बसते.

व्याजदर वाढतात तेव्हाही हीच घडण आड येते. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने मार्च २०२२ ते जुलै २०२३ या काळात दर शून्याजवळून ५.२५ ते ५.५० टक्क्यांवर नेले, आणि बहुतेक आखाती चलने डॉलरशी बांधलेली असल्याने तेथेही दर चढले. अशा वेळी जिच्याकडे बिनखर्चाच्या चालू ठेवी भरपूर असतात ती बँक तरते; जिचा पैसा जुन्या, ठरल्या किमतीच्या मुराबहात अडकलेला असतो, तिचे मार्जिन आकसते.

ठेवीदारांचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मुदारबा ठेवीत परतावा आधी ठरत नाही, नफ्यातील वाट्याचे प्रमाण ठरते. त्यामुळे तत्त्वतः नुकसान ठेवीदाराकडे जाते. प्रत्यक्षात शेजारच्या बँकेपेक्षा परतावा कमी दिला तर ठेवी निघून जातात, म्हणून अनेक बँका चांगल्या वर्षांत राखीव निधी बाजूला ठेवतात किंवा स्वतःच्या वाट्यावर पाणी सोडतात. याखेरीज व्याजाचे सरकारी रोखे चालत नाहीत, आणि पुरेसे सुकूक (व्याजाऐवजी मालमत्तेच्या उत्पन्नातून परतावा देणारे इस्लामी रोखे) बाजारात नसले तर शिल्लक पैसा पडून राहतो.

भारतात बँकिंग नियमन कायदा, १९४९ च्या कलम ८ नुसार बँकेला मालाची खरेदी-विक्री करता येत नाही. म्हणून सांगलीच्या बँकेची थेट दुबईशी तुलना करू नये. दोन्ही प्रकारच्या बँका शेजारी शेजारी चालणारा मलेशियासारखा देश निवडावा आणि दोन्हींची तीच वर्षे घ्यावीत. नाहीतर जो फरक दिसेल तो बँकांचा नसून त्या त्या अर्थव्यवस्थांचा असेल.