वाचकांचे प्रश्न : प्रवासातील पॉवर बँक आणि बंद घराखालची स्कूटर

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरातील सहा जण पुण्याहून विमानाने श्रीनगरला जाणार आहोत. आमच्याकडे २०,००० आणि ३०,००० एमएएचच्या दोन पॉवर बँक आहेत. त्या मोठ्या बॅगेत कपड्यांमध्ये ठेवाव्यात असा माझा विचार होता, परंतु मुलगा म्हणतो की ते चालत नाही. त्यामागचे कारण काय?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या मुलाचे म्हणणे बरोबर आहे. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या चेक-इनच्या सामानात ठेवता येत नाहीत, त्या हातातील बॅगेतच असाव्या लागतात. जी वस्तू पेट घेऊ शकते ती प्रवाशांजवळच का ठेवायची, असा प्रश्न अनेकांना पडतो आणि तो रास्त आहे. या बॅटरीतील दोन ध्रुवांमध्ये अतिशय पातळ पडदा असतो आणि आतील द्रव ज्वलनशील असतो. पडद्याला इजा होऊन आत शॉर्टसर्किट झाले की उष्णता निर्माण होते, त्या उष्णतेने आतील रासायनिक क्रिया आणखी वेग घेतात, आणि एका सेलची (बॅटरीतील एका घटकाची) आग शेजारच्या सेलला लागते. विमानाच्या सामानकक्षात हॅलॉन वायूची आगविरोधी यंत्रणा असते. तो वायू ज्वाळा दाबतो, परंतु तापलेल्या सेलला थंड करत नाही, त्यामुळे आतील क्रिया चालूच राहू शकते. केबिनमध्ये मात्र धूर लगेच दिसतो आणि कर्मचारी पाणी ओतून ती बॅटरी थंड करू शकतात.

मर्यादा एमएएचमध्ये नसून वॉट-अवरमध्ये, म्हणजे बॅटरीत साठणाऱ्या ऊर्जेच्या एककात मोजली जाते. एमएएचला व्होल्टने गुणून १,००० ने भागावे; आतील सेलचे व्होल्टेज बहुधा ३.७ असते. त्यानुसार आपली पहिली पॉवर बँक ७४ वॉट-अवरची ठरते आणि १०० च्या मर्यादेत बसते. दुसरी १११ वॉट-अवरची आहे. १०० ते १६० या टप्प्यातील बॅटरीसाठी विमान कंपनीची आधी परवानगी घ्यावी लागते, आणि १६० च्या वर ती प्रवाशाला नेताच येत नाही. माझा सल्ला असा की दुसरी घरीच ठेवावी. जी नेणार तिच्यावरील आकडे पुसट झालेले नाहीत ना, हेही पाहावे, कारण क्षमता वाचता आली नाही तर सुरक्षा तपासणीत ती काढून घेतली जाऊ शकते.

जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियातील बुसानजवळच्या गिम्हे विमानतळावर एअर बुसानच्या विमानाला उड्डाणापूर्वीच आग लागली. विमानातील सर्व १७६ जण बाहेर पडू शकले; तपासात पॉवर बँकेवर संशय व्यक्त झाला. त्यानंतर त्या देशाने पॉवर बँक डोक्यावरील कप्प्यात ठेवण्यास मनाई केली, आणि एमिरेट्स या विमान कंपनीने १ ऑक्टोबर २०२५ पासून विमानात तिचा वापरच थांबवला. नियम असे वरचेवर कडक होत असल्यामुळे तिकिटासोबत आलेली सूचना जरूर वाचावी. पॉवर बँक आसनासमोरच्या खिशात, नजरेसमोर ठेवावी आणि तिची टोके नाणी किंवा किल्ल्यांना लागू देऊ नयेत. फोन आसनाच्या फटीत पडला तर आसन मुळीच हलवू नका. चिरडलेला फोन पेटू शकतो, म्हणून कर्मचाऱ्यांना बोलवावे.

गुलमर्गच्या थंडीत गारठलेला फोन लगेच चार्जिंगला लावू नये. शून्य अंशाखाली चार्ज केल्यास बॅटरीत लिथियम धातूचा थर साचतो आणि तो पुढे आतील शॉर्टसर्किटला कारण होऊ शकतो. फोन आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा. हीटरवर किंवा कांगडीजवळ (निखाऱ्यांच्या काश्मिरी शेगडीजवळ) मात्र ठेवू नये.

प्रश्न : आम्ही तीन आठवडे कोकणात गावी जाणार आहोत. विजेवरची स्कूटर इमारतीखालच्या पार्किंगमध्ये चार्जरला लावूनच ठेवली तर परतल्यावर ती तयार मिळेल, असे शेजारी सांगतात. हे योग्य आहे का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : कृपया तसे करू नका. घरात कोणी नसताना तीन आठवडे चार्जर जोडलेला राहणे हा टाळता येण्याजोगा धोका आहे, आणि तो आपल्या एकट्याचा नसून वरच्या मजल्यांवर झोपलेल्या सर्वांचा आहे. शिवाय पूर्ण भरलेली बॅटरी तशीच पडून राहिली तर लवकर जीर्ण होते, आणि अगदी रिकामी राहिली तर तीही बिघडते. साधारण निम्मी भरलेली असताना चार्जर काढावा. स्कूटर जिन्याच्या तोंडाशी किंवा मीटरच्या फळीखाली न लावता मोकळ्या, सावलीच्या जागी लावावी. बॅटरी काढता येत असेल तर ती सज्जातील उन्हात किंवा घरातून बाहेर पडण्याच्या वाटेवर ठेवू नये.

प्रश्न : जुन्या फोनची बॅटरी फुगून मागचे झाकण उचलले गेले आहे, पण फोन चालतो. मुलांना प्रवासात खेळायला दिला तर चालेल का?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : नाही, आणि आजपासून तो चार्जही करू नये. बॅटरीत वायू साचला आहे; झाकण दाबून बसवणे किंवा वायू काढण्यासाठी टोचणे अत्यंत धोक्याचे आहे. फोन बंद करून, पेट घेणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवावा आणि लवकरात लवकर कंपनीच्या सेवा केंद्रात किंवा ई-कचरा संकलन केंद्रात द्यावा. घंटागाडीत टाकू नये. तेथे कचरा दाबला जातो आणि त्याची झळ सफाई कामगारांना बसते.