चौदाशे वर्षं जुनं की अमेरिकेने उभं केलेलं?

प्रश्न : नमस्कार सर, आमच्या मित्रांमध्ये यावर कायम वाद होतो. एक जण म्हणतो इस्लामी दहशतवाद चौदाशे वर्षं असाच चालत आलाय, दुसरा म्हणतो अमेरिकेने अफगाणिस्तानात पैसे ओतले त्यातून हे सगळं निघालं. नक्की खरं काय?

उत्तर : अमेरिकेचे पैसे खरेच आहेत, पण पैसे आले तेव्हा विचार आधीच तयार होता. आणि तो विचार चौदाशे वर्षं सलग चालत आलेला नाहीये, मधली कितीतरी शतकं तो काठावरच पडून होता, हे तुमच्या पहिल्या मित्राला नक्की सांगा.

त्या विचाराला तकफीर म्हणतात. म्हणजे समोरचा माणूस नमाज पढतो, रोजे ठेवतो, तरी तू मुसलमानच नाहीस असं आपणच ठरवायचं आणि त्याला मारायला मोकळं व्हायचं. याची पहिली मोठी घटना ६५७ सालची. सिफ्फीनच्या लढाईत खलिफा अलींनी त्यांच्याविरुद्ध उभा राहिलेल्या सीरियाच्या सुभेदार मुआवियाशी लवादाने तडजोड करायचं मान्य केलं म्हणून त्यांच्याच फौजेतला एक गट फुटला, त्यांना खारिजी म्हणतात, आणि ६६१ मध्ये त्यांच्यातल्याच एकाने अलींचा खून केला. बाकीच्या मुसलमानांनी खारिज्यांना कायम बाहेरचेच मानलं.

पुढे १३०० च्या आसपास मंगोल फौजा सीरियावर चालून आल्या. अडचण अशी की त्यांचा राजा गाझान खान १२९५ मध्ये मुसलमान झाला होता, मग त्याच्याशी लढायचं कसं? दमास्कसच्या इब्न तैमिया या विद्वानाने फतवा दिला की हे नावाला मुसलमान, कायदा चंगेजखानाचाच पाळतात, सबब यांच्याशी लढणं योग्य. बाहेरून आलेल्या फौजेविरुद्ध दिलेला हा फतवा. पण जवळजवळ पावणेसातशे वर्षांनी इजिप्तमध्ये फराज नावाच्या तरुणाने तोच फतवा आपल्या पुस्तिकेत वापरला, कुणाविरुद्ध तर स्वतःच्याच देशाच्या सरकारविरुद्ध, आणि ६ ऑक्टोबर १९८१ ला त्याच्या गटाने इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष अन्वर सादात यांना गोळ्या घातल्या. जुन्या कागदाला नवा अर्थ लावला गेला तो इथे, आणि हा अर्थ पूर्णपणे विसाव्या शतकातला आहे.

आता फराज इथवर पोचला कसा, तर १९२४ मध्ये तुर्कस्तानने खिलाफत, म्हणजे खलिफाचं पदच, बंद केली, अरब देशांवर इंग्रज-फ्रेंचांचा ताबा, त्यात १९२८ मध्ये हसन अल बन्ना या शाळामास्तरने इजिप्तमध्ये मुस्लिम ब्रदरहूड ही संघटना काढली. इकडे भारतात मौदूदी या लेखकाने १९४१ मध्ये जमात-ए-इस्लामी ही संघटना काढली, त्यांच्या लिखाणाचा ब्रदरहूडमधला लेखक सय्यद कुत्बवर मोठा प्रभाव पडला. आणि माझ्या मते खरं वळण कुत्बच्याच हातून आलं. इजिप्तचा राज्यकर्ता नासर याने १९५४ मध्ये त्याला तुरुंगात टाकलं, तिथे ब्रदरहूडच्या लोकांचे हाल झाले, मारहाण झाली, डोळ्यांदेखत सोबती मेले, आणि मारणारे शिपाई स्वतःला मुसलमान म्हणवत होते. त्यातून त्याने लिहिलं की आजचा मुसलमान समाजसुद्धा इस्लामपूर्व अज्ञानाच्या काळात जगतोय. १९६६ मध्ये त्याला फाशी दिली आणि तो हुतात्मा झाला. छळ करून विचार मरत नाही, उलट जास्त कडवा होतो, हे मला फार मनापासून वाटतं.

प्रश्न : मग वहाबी आणि सौदीचं काय?

उत्तर : ते वेगळं मूळ. १७४४ मध्ये अरबस्तानातल्या नज्दच्या वाळवंटात इब्न अब्दुल वहाब हा धर्मोपदेशक आणि सौद घराण्याचा करार झाला, दर्गे-कबरी पाडणं हा त्यांचा मुख्य कार्यक्रम. १८१८ मध्ये ऑटोमन सुलतानाच्या हुकमावरून इजिप्तच्या फौजेने त्यांची राजधानी जमीनदोस्त केली, म्हणजे त्यांना पहिल्यांदा मोडलं ते मुसलमानांनीच. १९७३ नंतर तेलाचे भाव चौपट झाले तेव्हा कुठे हा पंथ जगभर मशिदी-मदरशांतून पसरवायला पैसा आला. मग १९७९, इराणची क्रांती, मक्केच्या मशिदीवर बंडखोरांचा कब्जा आणि अफगाणिस्तानात रशियन फौजा, सगळं एकाच वर्षात. अमेरिका आणि सौदीचा पैसा पाकिस्तानमार्फत मुजाहिदीनांना, म्हणजे रशियन फौजांशी लढणाऱ्यांना, जायला लागला, अरब तरुण पेशावरला जमले आणि १९८८ मध्ये अल कायदा निघाली. तुमचा दुसरा मित्र बरोबर आहे तो एवढ्यापुरता.

प्रश्न : मुसलमान विद्वान याविरुद्ध का बोलत नाहीत?

उत्तर : बोलतात हो, आणि किंमतही मोजतात. कुत्बनंतर ब्रदरहूडचेच प्रमुख हुदैबी यांनी तकफीरविरुद्ध लिहिलं, आपण प्रचारक आहोत, न्यायाधीश नाही, असं त्यांचं म्हणणं. १९७७ मध्ये इजिप्तचे माजी धर्मखात्याचे मंत्री शेख धहबी यांनी एका तकफीरी गटावर उघड टीका केली होती, त्या गटाने त्यांना पळवून नेऊन ठार मारलं. २०१४ मध्ये इसिसचा म्होरक्या बगदादीने मोसुलमध्ये स्वतःला खलिफा म्हणवलं तेव्हा शंभराहून जास्त विद्वानांनी त्याला सविस्तर खुलं पत्र लिहून त्याचे दावे खोडून काढले. आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये इजिप्तच्या सिनाईतल्या रौदा गावच्या मशिदीत शुक्रवारच्या नमाजाला जमलेले ३०० हून जास्त लोक मारले गेले, ती सूफींची मशीद होती. नमाज पढणाऱ्यांनाच मारायचं, तकफीर म्हणतात ते हेच.