वाचकांचे प्रश्न : आजी-आजोबांना घेऊन दक्षिण युरोपातील हॉलिडे पार्कमध्ये

प्रश्न : आम्ही म्युनिकमध्ये राहतो. मुले चार आणि नऊ वर्षांची आहेत. येत्या उन्हाळ्यात माझे आई-बाबा सांगलीहून तीन महिन्यांसाठी येणार आहेत. मुलांच्या शाळेला सुट्टी असताना आम्ही सहाजणांनी एक आठवडा इटली, क्रोएशिया किंवा स्पेनमधील एखाद्या हॉलिडे पार्कमध्ये (सुट्टीसाठी भाड्याची छोटी घरे असलेल्या वसाहतीत) मोबाईल होम, म्हणजे तेथेच उभे असलेले तयार घर, भाड्याने घेऊन राहावे असा विचार आहे. आईचे गुडघे दुखतात, आई-बाबा दोघेही शाकाहारी आहेत आणि गाडीत सहा-सात तासांपेक्षा जास्त बसणे त्यांना झेपणार नाही. छायाचित्रांत सगळी पार्क सारखीच सुंदर दिसतात. निवड कशाच्या आधारे करावी? – एक वाचक, म्युनिक

उत्तर : गाडीतील प्रवासाची मर्यादा आपणच सांगितली आहे, त्यामुळे स्पेन बाजूला पडतो. कोस्टा ब्रावाचा किनारा म्युनिकपासून सुमारे तेराशे किलोमीटरवर आहे आणि वाटेत मुक्काम केल्याशिवाय तेथे पोहोचणे ज्येष्ठांना त्रासाचे होईल. उरतात ते इटलीतील गार्डा सरोवर, व्हेनिसजवळची काव्हालिनोची किनारपट्टी आणि क्रोएशियातील इस्त्रिया. या तिन्ही ठिकाणी पार्क उत्तम आहेत. फरक आहे तो पायाखालच्या जमिनीचा आणि पाण्यात उतरण्याच्या वाटेचा, आणि आपल्या कुटुंबाने नेमका तोच आधी पाहावा असे मला आग्रहाने सांगायचे आहे.

इस्त्रियाचे समुद्राचे पाणी नितळ आहे, परंतु किनारा खडकाळ आणि गोट्यांचा आहे. पोरेच किंवा रोविन्यच्या परिसरात अनेक ठिकाणी काँक्रीटच्या ओट्यावरून शिडीने पाण्यात उतरावे लागते, खडकांवर समुद्री साळी असतात आणि पायात रबरी बूट घालावेच लागतात. पोहणाऱ्या नऊ वर्षांच्या मुलाला हे आवडेल. चार वर्षांच्या मुलाला आणि गुडघे दुखणाऱ्या आजीला नाही. पाइनच्या झाडीतील ही पार्क बहुधा उतारावर वसलेली असतात, हेही लक्षात घ्यावे. व्हिसाची मात्र आता तेथे वेगळी चिंता नाही, कारण क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे आणि त्याच दिवसापासून तेथे युरो चलनही आहे.

गार्डा हे इटलीतील सर्वांत मोठे सरोवर असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३७० चौरस किलोमीटर आहे. त्याचे उत्तर टोक डोंगरांच्या कुशीत, वाऱ्याचे आणि शिडांच्या खेळांचे आहे. कुटुंबांसाठीची बहुतेक पार्क दक्षिणेकडील पेस्किएरा, लाझीझे आणि बार्दोलिनो या गावांच्या आसपास, सखल जमिनीवर आहेत. गार्डालँड हे १९७५ साली सुरू झालेले मनोरंजन उद्यान तेथून जवळ आहे, सिर्मिओनेचा किल्ला आहे, वेरोना आहे, आणि सरोवरातून प्रवासी बोटी धावत असल्याने आजी-आजोबांना बसल्या जागी सगळा परिसर पाहता येतो. उणीव एकच, की काठावर वाळू कमी आणि खडे जास्त आहेत आणि काही ठिकाणी पाणी थोड्या अंतरावरच खोल होते.

काव्हालिनोची किनारपट्टी समुद्र आणि व्हेनिसचे खाजण यांच्यामधली एक लांबट, सपाट जमीन आहे. तेथील पुळण मऊ वाळूची आहे आणि उत्तर एड्रियाटिक उथळ असल्याने बरेच आत जाईपर्यंत पाणी मोठ्या माणसाच्या कमरेइतकेच राहते. चढउतार जवळजवळ नाहीत. पुंता साब्बिओनीच्या धक्क्यावरून बोटीने थेट व्हेनिसच्या सॅन मार्को या मुख्य चौकाजवळ उतरता येते, त्यामुळे व्हेनिस दाखवण्यासाठी गाडी काढावी लागत नाही. (व्हेनिसमध्ये पुलांना पायऱ्या आहेत, आईंना पायी फिरवण्यापेक्षा ग्रँड कॅनालमधून जाणाऱ्या एक क्रमांकाच्या बोटीत बसवावे.) खाजणामुळे संध्याकाळी डास फार असतात, तेव्हा दारा-खिडक्यांना जाळी आहे का हे विचारून घ्यावे. आपण सांगितलेल्या सर्व बाबींचा विचार करता माझी पहिली पसंती काव्हालिनोला आहे आणि एवढा प्रवासही जड वाटत असेल तर गार्डाच्या दक्षिण काठाला.

आता प्रत्यक्ष पार्कविषयी. काव्हालिनोतील मोठी पार्क साठ-सत्तर हेक्टरांवर पसरलेली आहेत. त्यांच्या आत बाजार, दवाखाना, उपाहारगृहे, रस्ते असे सारे असते, म्हणजे ती एक छोटी नगरेच आहेत. एवढ्या पसाऱ्यात आपले घर नेमके कोठे आहे यावर आठवडा कसा जाईल हे ठरते. म्हणून छायाचित्रांच्या आधी पार्कचा नकाशा उघडावा आणि घरापासून पोहण्याच्या तलावापर्यंत, पुळणीपर्यंत आणि दुकानापर्यंत किती मीटर चालावे लागेल हे मोजावे. निरोगी माणसाला सहाशे मीटर काहीच वाटत नाहीत, पण दुपारच्या उन्हात, ओल्या टॉवेलांसह, दिवसातून चार वेळा तेच अंतर कापायचे असेल तर आजी दुसऱ्या दिवसापासून घरातच बसून राहतील आणि ज्यांच्यासाठी आपण हा बेत आखला त्यांनाच सुट्टी मिळणार नाही. पार्कला पत्र लिहून, घरात गुडघेदुखी असलेली व्यक्ती आहे, ठरावीक भागातील घर मिळेल काय, असे स्पष्ट विचारावे. काही ठिकाणी विशिष्ट क्रमांकाच्या घरासाठी थोडे जादा पैसे घेतात. ते अवश्य द्यावेत. रात्रीच्या कार्यक्रमाच्या रंगमंचालगतचे आणि मुख्य प्रवेशद्वाराजवळचे घर मात्र टाळावे.

मोबाईल होम हे नावाप्रमाणे चाकांवर किंवा ठोकळ्यांवर उभे असते, त्यामुळे आत जाण्यासाठी बहुधा तीन-चार पायऱ्या चढाव्या लागतात. कठडा आहे का, पायऱ्यांऐवजी उतार (रॅम्प) असलेले घर मिळेल का, हे विचारावे. जाहिरातीत ‘चार अधिक दोन’ असे लिहिलेले असेल तर शेवटच्या दोघांना बैठकीच्या खोलीतील सोफ्यावर झोपावे लागते हे समजून घ्यावे. आपल्याला तीन स्वतंत्र शयनगृहे आणि शक्य असल्यास दोन स्वच्छतागृहे असलेले घर हवे. खोल्या अगदी लहान असतात. आई-बाबांना द्यायच्या खोलीत पलंगाच्या दोन्ही बाजूंनी उतरता येते का हे आराखड्यावर पाहावे, कारण एका बाजूने भिंतीला टेकलेल्या पलंगावर रात्री उठणाऱ्या माणसाची फार अडचण होते. वातानुकूलन संपूर्ण घरात आहे की फक्त बैठकीत, आणि घरावर झाडांची सावली आहे की नाही, हे दोन प्रश्नही चुकवू नयेत. नव्याने वाढवलेल्या भागात घरे कोरी करकरीत असतात पण झाडे नुकतीच लावलेली असतात. ऑगस्टमध्ये जुन्या भागातील सावलीचे घर कितीतरी सुखाचे.

जेवणाचा प्रश्न मोबाईल होममुळे बराच सुटतो, आणि हॉटेलपेक्षा मी ते सुचवण्याचे हेच मुख्य कारण आहे. स्वयंपाकघरात बहुधा गॅसची शेगडी, फ्रीज आणि मोजकी भांडी असतात. कुकर, तवा, पोळपाट-लाटणे, मसाल्याचा डबा, कणीक आणि डाळी गाडीतून न्याव्यात. भाजीपाला, दूध, दही, तांदूळ तेथील कोणत्याही सुपरमार्केटमध्ये मिळतात. बाहेर खाताना मात्र एक खबरदारी घ्यावी : पार्मिजानो रेज्जानो आणि ग्राना पादानो या दोन्ही चीजमध्ये वासराच्या जठरातून काढलेले रेनेट (दूध घट्ट करणारा पदार्थ) नियमानेच वापरले जाते. आई-बाबा कडक शाकाहारी असतील तर चीज नसलेला मारिनारा पिझ्झा हा सोपा पर्याय आहे.

तारखांच्या बाबतीत म्युनिकच्या बव्हेरिया राज्यातील पालक भाग्यवान आहेत. तेथील उन्हाळी सुट्टी सप्टेंबरच्या मध्यापर्यंत चालते, तर १५ ऑगस्टच्या फेरागोस्तो सणाच्या सुमारास शिगेला पोहोचलेली इटालियन गर्दी ऑगस्टअखेर ओसरते. सप्टेंबरच्या पहिल्या दहा दिवसांत समुद्र अजून कोमट असतो, ऊन सौम्य होते आणि भाडे ऑगस्टच्या मध्याच्या तुलनेत बरेच खाली आलेले असते. गर्दीच्या काळात पार्क शनिवार ते शनिवार अशाच नोंदी घेतात, त्यामुळे ऑस्ट्रिया आणि इटलीमधल्या ब्रेनर घाटात शनिवारी वाहनांच्या रांगा लागतात; शिवाय तेथील लुएग पुलाच्या बांधकामामुळे २०२५ पासून त्या टप्प्यावर मार्गिकांवर निर्बंध आहेत. सप्टेंबरात आठवड्याच्या मधल्या दिवशी प्रवेश मिळत असेल तर तो घ्यावा. ऑस्ट्रियाचा महामार्ग परवाना आणि ब्रेनरचा स्वतंत्र पथकर हे दोन्ही लागतात. काव्हालिनोला ब्रेनरऐवजी ऑस्ट्रियातील टाउएर्न मार्गाने गेल्यास त्या बोगद्यांचाही वेगळा पथकर आहे.

दोन घरांच्या भाड्यांची तुलना करताना केवळ मोठ्या आकड्यावर विसंबू नये. चादरी आणि टॉवेल, शेवटची सफाई, पुळणीवरील छत्री, प्रतिव्यक्ती प्रतिरात्री पर्यटक कर आणि अनामत रक्कम हे बहुधा वेगळे असतात. एकाच पार्कमधील घरे स्वतः पार्ककडून आणि प्रवास कंपन्यांकडूनही भाड्याने मिळतात. कंपनीचे घर स्वस्त असते तेव्हा ते कोणत्या कोपऱ्यात आहे आणि काही बिघडल्यास तक्रार कोणाकडे करायची, हे आधी विचारावे.

आई-बाबांच्या व्हिसाविषयी आपण विचारले नाही, तरी लिहितो. शेंगेनची मर्यादा तीन महिन्यांची नसून कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांची आहे, आणि येण्याचा व जाण्याचा दिवसही त्यात मोजला जातो. जून, जुलै आणि ऑगस्ट मिळूनच ९२ दिवस होतात, आणि सप्टेंबरच्या सहलीसाठी त्यांचे आगमन त्या हिशेबाने ठरवावे लागेल. मुख्य मुक्काम जर्मनीत असल्याने अर्ज जर्मनीकडेच करायचा. तोच व्हिसा इटलीत चालतो, मात्र किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा संपूर्ण शेंगेन क्षेत्रासाठी हवा. व्हिसा हाती येईपर्यंत पार्कची नोंदणी विनाशुल्क रद्द करता येईल अशीच करावी. इटलीत प्रत्येक पाहुण्याची ओळखपत्रासह नोंद करणे यजमानावर बंधनकारक आहे, म्हणून मुलांसह सर्वांचे मूळ पासपोर्ट बरोबर न्यावेत, झेरॉक्स चालत नाही.

प्रश्न : आम्ही ठाण्याहून मे महिन्याच्या सुट्टीत इटलीला जाणार आहोत. मुलगी सात वर्षांची आहे. आम्ही तेथे गाडी चालवणार नाही. हॉटेलऐवजी हॉलिडे पार्कमध्ये राहणे योग्य ठरेल का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : रोम, फ्लॉरेन्स आणि व्हेनिस आठवड्यात पाहायचे असतील तर नाही. पार्क हे एका जागी राहण्यासाठी असते. सकाळी बाहेर पडून रात्री परतायचे असेल तर त्याचे पैसे वाया जातात आणि मुलीला तलाव दिसूनही त्यात उतरता येत नाही, हे तिच्यावर अन्यायाचे आहे. मात्र दहा-बारा दिवसांच्या प्रवासात चार-पाच दिवस संथपणे घालवायचे असतील तर पेस्किएराजवळचे पार्क मी आनंदाने सुचवेन. हे गाव मिलान आणि व्हेनिस यांच्यामधल्या लोहमार्गावर आहे, वेरोना रेल्वेने पाव तासाच्या आसपास आहे, स्थानकावरून गार्डालँडला बस जाते आणि बोटीचा धक्काही गावातच आहे. पार्क स्थानकापासून किती दूर आहे तेवढे नकाशावर पाहावे, कारण सामान ओढत दोन किलोमीटर चालणे आणि टॅक्सीसाठी थांबणे दोन्ही त्रासदायक आहेत.

मे महिन्यात सरोवराचे आणि समुद्राचे पाणी आपल्याकडच्या मुलांना चांगलेच गार लागते. म्हणून तापवलेल्या पाण्याचा तलाव असलेले पार्क निवडावे आणि तो आपल्या तारखांना खरोखर सुरू असेल का, घसरगुंड्या उघडलेल्या असतील का, याची लेखी खात्री करून घ्यावी. जाहिरातीतील छायाचित्रे जुलैची असतात. मेच्या अखेरीस पेंटेकोस्ट या ख्रिस्ती सणाची सुट्टी येत असेल तर जर्मन कुटुंबांची गर्दी होऊन दर चढतात; त्याआधीचे दोन आठवडे स्वस्त आणि निवांत असतात. व्हिसाचे शुल्क प्रौढांसाठी ९० आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी ४५ युरो आहे.

प्रश्न : आम्ही नेदरलँड्समधून दक्षिण फ्रान्समधील पार्कमध्ये जाणार आहोत. माझ्या सासूबाईंना तलावात उतरायचे आहे, परंतु त्या टी-शर्ट आणि लेगिंग्जवर उतरतील. चालेल का? – एक वाचक, आइंडहोवेन

उत्तर : फ्रान्समध्ये बहुधा चालणार नाही, आणि हे घरून निघण्यापूर्वीच त्यांना सांगणे योग्य. तेथील तलावांत स्वच्छतेच्या कारणासाठी केवळ पोहण्याचा घट्ट पोशाख स्वीकारला जातो. पुरुषांच्या सैल चड्ड्याही चालत नाहीत, आणि अनेक ठिकाणी मुलांचे उन्हापासून रक्षण करणारे शर्टसुद्धा नाकारतात. इटलीतील पुष्कळ तलावांत याशिवाय पोहण्याची टोपी सक्तीची असते. समुद्रात अशी आडकाठी सहसा नसते, म्हणून सासूबाईंसाठी तलावापेक्षा उथळ किनारा जवळ असलेले पार्क पाहावे. दक्षिण फ्रान्समधील लँगडॉकच्या किनाऱ्यावर अशी वाळूची पुळण मैलोन्‌मैल आहे. नोंदणी करताना पार्कच्या नावाजवळ ‘नॅचुरिस्ट’ किंवा ‘एफकेके’ असा शब्द नाही ना, हेही पाहावे. ही विवस्त्र राहणाऱ्यांची पार्क असतात. फ्रान्समध्ये काप दाग्द येथे आणि इस्त्रियात व्रसार येथे ती अनेक दशकांपासून आहेत, आणि छोट्या छायाचित्रांवरून ती इतर पार्कांहून वेगळी ओळखू येत नाहीत.