तालमीतल्या नव्या पोरास, जांघ काचण्याविषयी

जांघेत आग होते हे सांगायला तू आठ दिवस संकोचलास, पण आमच्यापैकी बहुतेकांनी हे भोगले आहे. परभणीच्या उन्हाळ्यात पारा ४२ अंशांपुढे जातो, घामाने भिजलेला लंगोट मांडीवर घासत राहतो आणि कातडी सोलवटते. म्हणून मेहनत संपताच अंघोळ कर, जांघ न चोळता टिपून पूर्ण कोरडी कर, लंगोट रोज धुऊन कडक उन्हात वाळव आणि दुसऱ्याचा पंचा कधीही वापरू नकोस. नुसते काचले असेल, तर दोन-तीन दिवस विश्रांती आणि खोबरेल तेल पुरे.

मात्र लाल कडेचा, पसरत जाणारा, खाजरा चट्टा असेल, तर तो बहुधा बुरशीचा नायटा असतो. त्यावर दुकानातून विचारून आणलेले स्टेरॉइडमिश्रित मलम लावू नकोस. खाज चार दिवस थांबते, पण बुरशी पसरत राहते आणि कातडी पातळ होते. (मी हेच केले होते आणि तीन महिने लंगोट बांधू शकलो नाही.) त्वचारोगतज्ज्ञांनी दिलेले औषध डाग गेल्यावरही सांगितलेल्या मुदतीपर्यंत लाव, तोवर कुणाशी कुस्ती धरू नकोस, आणि पायाच्या बोटांमधील चिखल्याही त्यांना दाखव, कारण पुष्कळदा बुरशी तेथूनच वर येते.