१२३४५६७८९८७६५४३२१ या संख्येत विशेष काय आहे?

ही सतरा अंकी संख्या म्हणजे १११११११११ (नऊ वेळा एक) या संख्येचा वर्ग होय. कागदावर शाळेच्या पद्धतीने गुणाकार मांडला, की नऊ एककांच्या नऊ ओळी दर वेळी एक घर डावीकडे सरकतात, त्यामुळे उजवीकडून पहिल्या स्तंभात एक, दुसऱ्यात दोन, असे करत मधल्या स्तंभात नऊ एकक जमतात आणि पुढे ते पुन्हा कमी होत जातात. कोठेही हातचा येत नाही, म्हणूनच ही सममिती टिकते. दहा एकक घेतल्यास मधल्या स्तंभाची बेरीज दहा होते, हातचा येतो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असे बिघडते.

अशा संख्यांना ‘डेम्लो संख्या’ हे नाव गणितज्ञ द. रा. कापरेकर यांनी दिले. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेल्या आणि पुढे देवळालीत शिक्षकी केलेल्या कापरेकरांना ही कल्पना डोंबिवली स्थानकावर सुचली. डेम्लो हे त्या स्थानकाचे तेव्हाचे नाव.

आपल्या सतरा अंकी संख्येचे मूळ अवयव पाहिल्यास ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग मिळतात, म्हणजे एकूण विभाजक ४५. पूर्ण वर्गाच्या विभाजकांची संख्या नेहमी विषमच असते. मला सर्वांत सुंदर वाटते ते असे, की हिच्या अंकांची बेरीज ८१ आहे आणि ८१ ने तिला निःशेष भाग जातो, म्हणून कापरेकरांच्याच परिभाषेत ती ‘हर्षद’ संख्याही ठरते. भागाकार येतो १२३४५६७९ चा वर्ग.