‘पवित्र जन’ म्हणजे नक्की कोण?

प्रश्न : मैत्रिणीबरोबर शरणपूरला चर्चमध्ये गेले होते. बायबलमधल्या प्रेषित पौलाच्या पत्राचं वाचन झालं, त्यात अख्ख्या मंडळीलाच ‘पवित्र जन’ म्हटलं होतं. सगळेच पवित्र? (पंचवटी)

हो, सगळेच. ते पत्र करिंथकरांना, म्हणजे करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला, लिहिलेलं असेल तर आणखीच गंमत. तिथे मंडळीत गट पडले होते, भाऊ भावावर फिर्याद करत होता, प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीतल्या जेवणाला, कुणी उपाशी तर कुणी झिंगलेला. तरी पौल आधी त्यांना पवित्र म्हणतो आणि मग कान उपटतो.

मूळ ग्रीक शब्द ‘हागिओस’. देवासाठी वेगळं काढलेलं, असा त्याचा अर्थ. पंचवटीत राहता, म्हणजे देवपूजेचा तांब्या घरात असेलच. तो काही जास्त चांगल्या पितळेचा नसतो; देवाचा म्हणून वेगळा. इथवर सोवळ्याशी जुळतं, पुढे फाटा फुटतो. सोवळं शिवाशिवीनं मोडतं. जुन्या करारात हाग्गय संदेष्टाही याजकांकडून हेच वदवून घेतो : विटाळ लागतो, पवित्रता लागत नाही. आणि मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात येशू कुष्ठरोग्याला हात लावतो. विटाळ येशूला लागत नाही. तो माणूस शुद्ध होतो. म्हणून पवित्र जनानं जगापासून अंग चोरून बसायचं नसतं. पौलाच्या पत्रात फिलिप्पैकरांना सलाम पाठवणाऱ्या पवित्र जनांत तर चक्क कैसराच्या, म्हणजे रोमन सम्राटाच्या, घरचे लोक आहेत.

प्रश्न : आम्ही कॅथलिक. सगळेच पवित्र, तर पोप कुणाला ‘संत’ का जाहीर करतात? (नाशिक रोड)

घोषणेनं माणूस संत होत नाही. तो देवाजवळ आहे, असं चर्च त्या घोषणेनं जाहीरपणे सांगतं. वसईचे गोन्सालो गार्सिया 1597 मध्ये नागासाकीला क्रुसावर मारले गेले, संत जाहीर झाले 1862 मध्ये. मधली 265 वर्षं ते कमी संत होते असं तुमचं चर्चही म्हणत नाही. आम्ही प्रॉटेस्टंट मात्र संतांकडे मध्यस्थी मागत नाही. हा मतभेद खरा आहे, उगाच गुळमुळीत बोलण्यात अर्थ नाही.

प्रश्न : ‘सेंट’ आणि आपला ‘संत’ एकच का? (त्र्यंबकेश्वर)

नाही. एक लॅटिन ‘सांक्टुस’वरून, दुसरा संस्कृत ‘सत्’वरून, सारखेपणा योगायोगाचा. शिवाय तुमच्या गावात ‘संत’ म्हटलं की निवृत्तिनाथच डोळ्यांपुढे येणार. त्यामुळे पौलाच्या पत्रांत मला ‘पवित्र जन’च बरं वाटतं.

प्रश्न : बाप्तिस्म्याला सहा वर्षं झाली. राग तसाच आहे, बागेत मजुरांवर ओरडतो. मी कसला पवित्र? (द्राक्ष बागायतदार, दिंडोरी)

एप्रिलमध्ये खरड छाटणी केलीत की बाग बोडकी दिसते. घड यायचे ते ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर. म्हणून मधल्या महिन्यांत तिला कुणी द्राक्षबाग म्हणायचं थांबतं का? देवाचे तुम्ही झालात ते एकदाच. पवित्रीकरण, म्हणजे हळूहळू पवित्र होत जाणं, जन्मभर चालतं. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 15व्या अध्यायात तर छाटणी होते ती फळ देणाऱ्या फांदीचीच.

पण सहा वर्षांच्या रागावर हे पांघरूण घालू नका. ज्यांच्यावर ओरडलात, त्यांची माफी मागितलीत का? तुमच्या पत्रात तसं काही दिसलं नाही.